पाटी इमारतीवर लागते, पगारावर नाही

बरेच दिवस डोक्यात आहे ते आज लिहून टाकतो, पटलं नाही तर खुशाल भांडा. मोठ्या घराण्यांच्या ट्रस्टनी आणि फाउंडेशननी नवीन इमारती बांधणं आता जरा कमी करावं आणि माणसांच्या पगाराला पैसे द्यावेत. आमच्या भागातल्या एका दवाखान्याला झकास मशीन मिळालं, रिबीन कापली, फोटो आले, पण ते चालवायला टेक्निशियन नाही म्हणून त्याच्यावर प्लॅस्टिक घालून ठेवलंय. देणाऱ्याचं नाव मात्र ठळक आहे, येता जाता दिसतं.

म्हणजे मी दान देणाऱ्यांच्या विरोधात आहे असं नाही हां. मुंबईत परळला कुणा पेशंटला घेऊन गेला असाल तर माहितीये, केईएम, टाटा, वाडिया सगळं चालत जायच्या अंतरावर आणि त्यातलं बरंचसं कुणा ना कुणा घराण्याच्या पैशातून उभं राहिलेलं. लेडी मेहेरबाई टाटा 1931 ला ल्युकेमियानं गेल्या, त्यांचे नवरे दोराबजी टाटा पुढच्याच वर्षी गेले, पण जायच्या आधी जवळपास सगळं ट्रस्टच्या नावावर करून गेले, अगदी मेहेरबाईंचा तो कोहिनूरपेक्षा मोठा ज्युबिली हिरासुद्धा पुढं विकून पैसे ट्रस्टमध्येच गेले. (आमच्याकडं बांधावरनं भावाभावांत कोर्ट चालतं, ते असो.) त्या ट्रस्टच्या पैशातून 1941 ला टाटा मेमोरियल सुरू झालं. पण आज ते कुणाच्या जिवावर चालतंय? 1962 पासून अणुऊर्जा खात्याकडं आहे, दरवर्षी केंद्राच्या बजेटमधून पैसे येतात, म्हणून गावाकडचा माणूस तिथं जनरलमध्ये केस पेपर काढू शकतो.

तिथनं जवळच वाडिया. नौरोसजी वाडिया मॅटर्निटी 1926 चं, लहान मुलांचं बाई जेरबाई वाडिया 1929 चं, तिथंपण घराण्याचंच दान. आणि 2020 च्या जानेवारीत काय झालं आठवा, अनुदान थकलं, नवीन पेशंट घेणं थांबलं, स्टाफ रस्त्यावर आला, पालिका आणि ट्रस्ट हिशेबावरून एकमेकांकडं बोट दाखवत बसले, शेवटी हायकोर्टानं सरकारला पुतळ्यांच्या खर्चावरून झापलं तेव्हा कुठं पैसे सुटले. इमारत भक्कमच होती की, अडलं होतं ते महिन्याच्या महिन्याच्या खर्चाला.

त्यामानानं मला दोराबजींच्या वडिलांची, जमशेटजी टाटांची 1892 ची ती एंडोमेंट, म्हणजे शिक्षणासाठीचा कायमचा निधी, जास्त हुशार वाटते. परदेशी शिकायला जाणाऱ्याला पैसे द्यायचे, पण कर्ज म्हणून, त्यानं कमावायला लागल्यावर फेडायचे की तेच पैसे पुढच्या पोराला. कोल्हापूरकरांनी तर हे लक्षातच ठेवायला पाहिजे कारण पहिल्या पहिल्या स्कॉलरांत आपल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, त्याच पुढं कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आताच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात, बायकांवर उपचार करायच्या. त्या काळात बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नव्हत्या, मग एका बाईच्या शिक्षणावर घातलेला पैसा किती घरांपर्यंत पोचला असेल बघा.

आणि टाटा सन्सचे, म्हणजे टाटांच्या मुख्य कंपनीचे, साधारण 66 टक्के शेअर ट्रस्टांकडं आहेत, म्हणजे डिव्हिडंड दरवर्षी येणार. असा कायमचा झरा ज्यांच्याकडं आहे त्यांनी तरी पगाराची जबाबदारी घ्यायला काय हरकत आहे? दोन टक्के सीएसआरवाल्या, म्हणजे कायद्यानं नफ्यातले दोन टक्के समाजकामाला द्यावे लागणाऱ्या, कंपन्यांचं मी समजू शकतो, त्यांना वर्षाच्या शेवटी रिपोर्टमध्ये फोटो लागतो, म्हणून ॲम्ब्युलन्स देतात आणि ड्रायव्हर देत नाहीत.

मला विचाराल तर पहिला पगार हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करचा द्या. आपल्याकडं धर्मादाय हॉस्पिटलमध्ये 10 टक्के बेड गरिबांना फुकट आणि 10 टक्के सवलतीत ठेवायचे असा नियम आहे, हायकोर्टानं मंजूर केलेली योजना आहे, पण काउंटरवर कोण सांगतं हो? पेशंटचा भाऊ दागिने गहाण ठेवून येतो आणि डिस्चार्जच्या दिवशी कुणीतरी सांगतं की अरे उत्पन्नाचा दाखला आणला असता तर. हे पहिल्या दिवशी सांगणारा माणूस म्हणजे सोशल वर्कर, आणि बऱ्याच ठिकाणी एकटी बाई शेकडो पेशंट बघत असते नाहीतर ती पोस्टच रिकामी असते. गंमत म्हणजे हे काम शिकवणारी देशातली पहिली संस्था, आताची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), 1936 ला दोराबजींच्याच ट्रस्टनं काढलेली. तेव्हा त्यांना कळलं होतं. आता कुठल्या फाउंडेशनच्या मीटिंगला कुणी बसत असेल तर एवढं एक विचारा, आपल्या जिल्ह्यात अशा दहा जणांचा दहा वर्षांचा पगार काढायचा तर किती लागतील, आणि एका नवीन विंगच्या नुसत्या ग्रॅनाइटला किती जातात.