चोचीतल्या काडीची थाप

एक पक्षी म्हणे चोचीत काडी धरून पॅसिफिक ओलांडतो. दमला की काडी पाण्यावर टाकून तिच्यावर बसतो, मासे खातो, झोप काढतो आणि काडी उचलून पुन्हा निघतो. ‘त्याला काडी पुरते, माणसालाच हाव!’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. आता भाचीने शाळेतल्या भाषणासाठी तोच पाठ केलाय, तोही सोनचिखल्या (पॅसिफिक गोल्डन प्लोव्हर) या स्थलांतरी पक्ष्याच्या फोटोसकट. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी काडीच बघू. कोरड्या लाकडाची घनता पाण्याच्या निम्मी धरली, तर ते जेमतेम स्वतःच्या वजनाइतका भार तोलतं. सोनचिखल्या सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा. म्हणजे ‘काडी’सुद्धा तेवढ्याच वजनाची हवी! ती धरायची दोन-अडीच सेंटिमीटरच्या चोचीत, आणि हजारो किलोमीटर? बरं, काडी मिळाली तरी बसणार कसा? या पक्ष्याला पायाचं मागचं बोटच नसतं, पकड येणार कुठून? मासे तर सोडाच, तो जमिनीवरचे किडे, अळ्या, गांडुळं टिपून खातो.

वाहत्या ओंडक्यांवर बूबी, नॉडी हे समुद्रपक्षी टेकतात, हे मान्य. फॅलारोप हा पक्षी तर किनारपक्षी असूनही समुद्रावर आरामात तरंगतो. पण म्हणून कुणी काडी सोबत नेत नाही.

पक्षी-संशोधक वॉली जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटांवरच्या सोनचिखल्यांना जिओलोकेटर, म्हणजे वाटेची नोंद ठेवणारी छोटी यंत्रं, लावली, तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. हवाई ते अलास्का हे सुमारे ४,८०० किलोमीटरचं अंतर हे पक्षी तीन-चार दिवसांत कापतात. दिवस-रात्र धरून सरासरी ताशी ५० ते ६७ किलोमीटर पडतात. यात मुक्काम बसवायचा कुठे?

मेसेजच्या एका आवृत्तीत आई-बाप पिलांना वाट दाखवतात. तेही खोटं. मोठे पक्षी अलास्काहून आधी निघून जातात, पिलं मागाहून आपली आपण हवाई गाठतात.

सगळ्यात जास्त राग येतो तो ‘काडी पुरते’ याचा. एप्रिलअखेर उडण्याआधी हा पक्षी आठवडेच्या आठवडे खात सुटतो, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास नेतो. वाटेत त्याला पुरते ती ही साठवलेली चरबी. त्यासाठी त्याला किड्यांनी भरलेली मोकळी जमीन लागते. अनेक सोनचिखले दर हिवाळ्यात हिरवळीच्या त्याच तुकड्यावर परततात आणि दुसऱ्याला तिथे फिरकू देत नाहीत. त्या तुकड्यावर काँक्रीट ओतलं, तर एप्रिलची चरबी तो कुठून आणणार?