गुणपत्रिकेवर जात नसते, पण गुणपत्रिकेपर्यंत पोचतं कोण?

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. गुणपत्रिकेवर जात लिहिलेली नसते, बापाचा पगार लिहिलेला नसतो, पेपर तपासणाऱ्यालाही जात कळत नाही. मुली तर दरवर्षी बाजी मारतात. रिक्षावाल्याच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या लेकराला नव्वदच्या वर टक्के पडतात. मागासांच्या पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही. ज्याला शिकायचंय तो शिकतोच, बाकी सगळ्या सबबी, आणि सवलतींनी पोरं आळशी होतात. हे नातेवाइकांच्या ग्रुपवर येतं तेव्हा मी सोडून देतो. पण शिक्षकांच्या ग्रुपवरही येतं आणि खाली अंगठ्यांची रांग लागते, तेव्हा राहवत नाही. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. एकेक मुद्दा घेतो.

आधी मुलींचा. २०२५ च्या दहावीत मुलींचा निकाल ९६.१४ टक्के लागला, मुलांचा ९२.३१. आकडे खरे आहेत आणि मुलींचं कौतुक मनापासून करावं असेच आहेत. पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची. बसलं कोण ते पाहा. त्या परीक्षेला ८,६४,१२० मुलांनी नोंदणी केली होती आणि ७,४७,४७१ मुलींनी. म्हणजे हजार मुलांमागे ८६५ मुली. यातला काही फरक पुन्हा बसणाऱ्यांचा आहे, कारण नापास होऊन परत फॉर्म भरणाऱ्यांत मुलगे जास्त असतात. तेवढा वजा करा. उरलेल्याचं मूळ २०११ च्या जनगणनेत सापडतं. दहावीची ही मुलं तेव्हा पाळण्यात होती, आणि महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत त्यांची टक्केवारी कुठल्याच मंडळाच्या पत्रकात येत नाही.

जन्माला आलेल्यांची वाटही सरळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातली एक. म्हणून दहावीला बसलेली मुलगी ही आधीच कितीतरी अडथळे ओलांडून आलेली असते. तिच्या मार्कांमागे हुशारी आहेच, पण धास्तीही आहे. भाऊ नापास झाला तर घरात ‘पुरवणीला बस’ म्हणतात. ती नापास झाली तर स्थळं बघायला लागतात. हे मी निकालाच्या दुपारी अनेक घरांत पाहिलेलं आहे.

आणि बाजी मारून ती जाते कुठे? दहावी-बारावीत मुली एवढ्या पुढे असताना आयआयटीत त्यांचं प्रमाण दहातल्या एकीपेक्षाही कमी होतं. शेवटी २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण कराव्या लागल्या. मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा लातूरला क्लाससाठी खोली करून ठेवणारं घर मुलीला गावाबाहेर पाठवताना दहा वेळा विचार करतं. मार्क तिचे जास्त, खर्च त्याच्यावर जास्त.

आता ‘पेपर तपासणाऱ्याला जात कळत नाही’ हा मुद्दा. बोर्डाच्या पेपरापुरतं हे मान्य. पण मूल बोर्डाच्या पेपराला पोचण्याआधी दहा वर्षं वर्गात बसलेलं असतं, आणि तिथे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. याने काय होतं ते मोजलं गेलंय. रेमा हॅना आणि ली लिंडेन या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या शिक्षकांकडून उत्तरपत्रिका तपासून घेतल्या. वरच्या पानावर जात, वय, मुलगा की मुलगी ही माहिती होती, पण ती चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठल्याही उत्तरपत्रिकेला लावलेली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर खालची जात असली की सरासरीने गुण कमी पडले. फरक लहान होता, तो फुगवून सांगायची गरज नाही. पण गुण कमी देण्याचा कल दिसला तो खालच्या मानलेल्या जातींतूनच आलेल्या शिक्षकांत. म्हणजे हा कुणा एका जातीच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही. ‘यांच्या मुलांना जमत नाही’ हे इतक्या खोल मुरलंय की त्याच वस्तीतून आलेल्या माणसाच्या लाल पेनातूनही उतरतं.

त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांचा, उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यातला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. एक कोडं सुटलं की एक रुपया. काही गटांत कुणाची जात सांगितलीच नाही. तिथे दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत म्हणावा असा फरक पडला नाही. दुसऱ्या गटांत सुरुवातीलाच सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि जात वाचून दाखवली. मुलं त्याच शाळांतली, कोडी तीच, बक्षीसही तेच. दलित मुलांनी सोडवलेली कोडी चांगलीच घटली. बुद्धी पाच मिनिटांत कमी होत नाही. आपल्याकडे भर वर्गात ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ म्हणतात, तेव्हा आपण काय करत असतो याचा विचार माझ्या व्यवसायबंधूंनी करावा.

रिक्षावाल्याच्या मुलीबद्दल फार लिहीत नाही. तिचा फोटो पेपरात येतो, डॉक्टरच्या मुलाचा त्याच टक्क्यांसाठी येत नाही. जे नेहमी घडतं त्याची बातमी होत नसते. तिच्या एका फोटोवरून बाकीच्या हजारोंना कामचुकार ठरवणं हा तिच्या कष्टांचाही अपमान आहे.

‘पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही.’ या वाक्याचा मला सर्वात जास्त राग येतो, कारण हे बोलणाऱ्यांनी उचल म्हणजे काय ते पाहिलेलं नसतं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो. दवाखाना, लग्न, बी-बियाणं यात ती संपते, आणि मग ती फेडायला हंगामभर राबावं लागतं. मजुराची मोजणी कोयत्यावर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणजे आईला मागे राहायची सोयच नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या हलतात, परततात त्या मार्च-एप्रिलकडे.

माझ्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना अर्ध्या नावांपुढे कुणी ‘हजर’ म्हणत नाही. मुलगा असेल तर त्याला बऱ्याचदा आजीपाशी ठेवतात. अकरा-बारा वर्षांची मुलगी मात्र बरोबर जाते. पहाटे अंधारात आई-बाप उसाच्या फडात गेले की कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकटी भावंडं सांभाळणं, पाणी भरणं, भाकरी थापणं हे तिच्याकडे. आणि ती वयात आली की दुसरी भीती सुरू होते. कोपीला दार नसतं. गावात एकटी ठेवावी तरी काळजी, सोबत न्यावी तरी काळजी. मग लग्न उरकलं जातं, आणि लग्न झालं की कोयत्याची नवी जोडी तयार होते. बापाला शिक्षणाची किंमत कळत नाही असं नाही. ती त्याला परवडत नाही. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, ऐन गळीत हंगामात. वेळापत्रकाने आधीच बाहेर ठेवलेल्या मुलीला ‘मेहनत कर’ म्हणून कसं सांगायचं?

गावात हंगामी वसतिगृह चालू असलं आणि जेवणाचा निधी वेळेवर आला की हेच पालक मुलांना मागे ठेवून जातात. निधी लांबला की घेऊन जातात. एवढं सोपं आहे ते.

मेळघाटातल्या कोरकू मुलाची अडचण वेगळी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. धारणी-चिखलदऱ्याचं सहा वर्षांचं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला अक्षर आणि परकी भाषा दोन्ही एकदमच शिकायचं असतं. आपल्या मुलाला पहिल्या दिवसापासून तमीळमधून गणित शिकवलं तर तो गप्प बसेल, आणि आपण त्याला मंद म्हणणार नाही. कोरकू मुलाला म्हणतात.

शेवटचा मुद्दा सवलतींचा. बिहारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून परिणाम तपासला. माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं, मुलगा-मुलगी दरी चाळीस टक्क्यांनी कमी झाली. वाढ झाली ती मुख्यतः शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. म्हणजे मुली आळशी नव्हत्या, शाळा लांब होती. आपल्याकडे एसटीचा मुलींना मोफत पास हेच काम करतो. गाडी वेळेवर आली तर.

उलट जी सवलत खरंच फुकट जाते तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. १९९२ साली प्राथमिक शाळेतल्या मागासवर्गीय आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला एक रुपया. कित्येक वर्षं तो एकच रुपया राहिला. एकही दिवस न चुकवता वर्षाचे जेमतेम २२० रुपये. एवढ्या पैशात कुणी आळशी होत नाही.

जोतीरावांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे सांगितलं होतं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. किमान बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात ते १९१७ साली सक्तीचं आणि मोफत केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंडही लावला. पण त्याच्या आधी, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहं उभी केली होती. आधी राहायची-जेवायची सोय, मग सक्ती. हा क्रम आपण विसरलोय.

पुढच्या निकालाला हा मजकूर पुन्हा येईल. तो पुढे पाठवण्याआधी आपल्या तालुक्याचा एक आकडा मागा: दहा वर्षांपूर्वी पहिलीत नाव घातलेल्या मुली किती होत्या आणि त्यांतल्या दहावीला किती बसल्या. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात पहिलीच्या नोंदी असतात, दहावीच्या बोर्डाकडे. दोन्ही याद्या शेजारी ठेवून गळालेली नावं काढायला मुख्याध्यापकाला एक दुपार पुरते. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, शाळांनी यंदा दिवाळीच्या आत हे करायचं ठरवलंय, टोळ्या हलायच्या आधी.