टपाल कार्यालय देखणे आहे, पण पत्र कोणाच्या पत्त्यावर जाते?

श्रीलंकेला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या फोनमध्ये नुवारा एलिया या थंड हवेच्या गावातल्या लाल विटांच्या टपाल कार्यालयाचा फोटो असतो, आणि त्याखाली ‘छोटे इंग्लंड’ हे दोन शब्दही ठरलेले असतात. मावशीला घेऊन रामायण यात्रेच्या निमित्ताने मी तिकडे गेलो तेव्हा तोच फोटो मीही काढला. त्याखाली ते दोन शब्द लिहिणे मात्र मला जमले नाही. का जमले नाही, ते जरा सविस्तर लिहितो.

गाव देखणे आहे, हे आधी मान्य करतो. सुमारे १,८६८ मीटर उंचीवर, पिदुरुतलागल या श्रीलंकेतल्या सर्वांत उंच डोंगराच्या पायथ्याशी ते वसलेले आहे. ब्रिटिश गव्हर्नर एडवर्ड बार्न्सने उन्हाळ्यासाठी बांधलेल्या घराभोवती आजचे ग्रँड हॉटेल उभे राहिले, गव्हर्नर ग्रेगरीच्या काळात १८७३ मध्ये तळे झाले, १८७६ मध्ये मळेवाल्या गोऱ्या साहेबांचा हिल क्लब आला, १८८९ मध्ये गोल्फ क्लब आणि १८९४ मध्ये हे टपाल कार्यालय. हिल क्लबात रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी आजही कोट आणि टाय घालूनच यावे लागते. ज्याच्याकडे नसेल त्याला क्लबातून उसना मिळतो. (मी उसना घेतला नाही, बाहेर कोत्तू रोटी खाल्ली.) या इमारती जपल्या याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. वारसा म्हणून आपण काय मोजतो आणि काय मोजायचे विसरतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

कारण ज्या चहावर हे सगळे उभे राहिले, तो या डोंगरात आला मजुरांच्या पाठीवरून. आधी इथे कॉफी होती. १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत मळेच्या मळे बसले. जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यावर १८६७ मध्येच १९ एकरांत चहा लावून ठेवला होता. कॉफी गेल्यावर सगळे त्या वाटेने वळले. पीक बदलले तरी माणसे तीच राहिली. तमिळ मुलखातल्या दुष्काळी गावांतून कंगाणी नावाचा मुकादम त्यांना आगाऊ रक्कम देऊन आणत असे, आणि ती फिटेपर्यंत त्यांची सुटका नसे. मन्नारच्या किनाऱ्यावर उतरून, जंगलातून मातळेपर्यंत पायी चालत येताना कितीतरी माणसे वाटेतच गेली. उचल घेऊन साखर कारखान्यावर निघालेल्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या मराठी माणसाला कंगाणी म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

नुवारा एलियाच्या वाटेवर, रंबोडा गावाच्या पुढे एका वळणावर आमच्या चालकाने गाडी थांबवली. तो स्वतः मळ्यावरच्या तमिळ कुटुंबातला होता. रस्त्यालगत उभ्या राहून फोटोसाठी पैसे घेणाऱ्या बायका वेगळ्या. त्याने आम्हाला थोडे वर, प्रत्यक्ष तोडणी चालली होती तिथे नेले. एका बाईने हातातली बारीक काठी झुडपांच्या माथ्यावर आडवी ठेवली आणि काठीच्या वर आलेले, दोन पाने अन् एक कळी असे कोवळे शेंडे खुडून खांद्यावरून मागे टाकायला सुरुवात केली. कपाळावर पट्टा आणि पाठीवर पोते होते. हात इतके चपळ, की कोणते पान घेतले आणि कोणते सोडले हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मग वजन झाले. काट्याला पोते टांगले की ओल्या पानातल्या पाण्याचे आणि पोत्याचे म्हणून काही किलो आधीच वजा होतात. ठरलेले वजन, जे बऱ्याच मळ्यांवर अठरा किलोंच्या आसपास असते, भरले तर हजेरीत पूर्ण ‘पेर’ लागते. पेर म्हणजे नाव. वजन कमी भरले तर अर्धेच नाव लागते, म्हणजे अर्धा रोज. आपल्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि एकटा माणूस अर्धा कोयता, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवले. साडेचार-पाच किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो, हा हिशेब मात्र खाली कारखान्यात इंग्रजीतून छान समजावून सांगतात.

दिवसाला हजार श्रीलंकन रुपये मिळावेत यासाठी हे लोक अनेक वर्षे भांडत होते. २०२१ मध्ये ते मान्य झाले आणि पुढच्याच वर्षी श्रीलंकेचा रुपया असा कोसळला, की मिळालेली वाढ हातात पडता पडता विरून गेली.

मजुरीपेक्षाही मला जास्त लागते ती नागरिकत्वाची गोष्ट. श्रीलंकेला स्वातंत्र्य मिळताच १९४८ च्या कायद्याने या लाखो माणसांना देशच उरला नाही. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी करार करून ९ लाख ७५ हजार माणसांची वाटणी केली: ५ लाख २५ हजार भारताकडे, ३ लाख श्रीलंकेकडे आणि उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहू. ते ‘नंतर’ १९७४ मध्ये आले आणि निम्मे-निम्मे करून मिटवले गेले. ज्यांची वाटणी झाली त्यांना कोणी विचारले नाही. परत आलेल्यांपैकी अनेकांना तामिळनाडू सरकारने निलगिरीतल्या नव्या चहामळ्यांवर काम दिले, म्हणजे एका थंड हवेच्या ठिकाणाहून उचलून दुसऱ्या थंड हवेच्या ठिकाणी, पुन्हा चहाच्याच झुडपांत. मागे राहिलेल्यांचा प्रश्न कायद्याने सुटायला २००३ साल उजाडावे लागले.

आपण मराठी पर्यटक तिथे सीता एलियाला सीतेच्या देवळात जातो, ओढ्याकाठच्या खडकावर मारुतीची पावले पाहतो आणि अशोकवन नेमके कुठे होते यावर गाडीत वाद घालतो. मीही घातला. सीतामाईला परमुलखात अडकवून ठेवले होते म्हणून ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांना त्याच उतारावर, त्याच देवळात दिवा लावणारी आणि पाच-सहा पिढ्या परमुलखी ठरवलेली माणसे दिसू नयेत, याचे मला नवल वाटते, आणि खरे सांगायचे तर थोडी लाजही वाटते.

या माणसांची घरे म्हणजे पत्र्याखाली ओळीने बांधलेल्या खोल्या. इंग्रज त्यांना ‘लाइन’ म्हणत, ते स्वतः ‘लयम’ म्हणतात. घर मळ्याचे, जमीन मळ्याची, आणि म्हणून अजूनही अनेक मळ्यांत घराला स्वतःचा पत्ता नाही. पत्र मळ्याच्या कचेरीत येते आणि कचेरी देईल तेव्हा हातात पडते. भारत सरकारच्या मदतीने नवी घरे होत आहेत, २०१७ मध्ये त्यांत आणखी १० हजारांची घोषणा झाली, पण लयम संपलेली नाहीत. ते सुंदर टपाल कार्यालय पाहताना मला हेच खुपत राहिले.

म्हणून एक सुचवतो. कँडीहून नुवारा एलियाला जाताना गंपोळा लागते. तिथून जवळच ओल्ड पीकॉक मळ्यावर एका जुन्या लयममध्येच मळेमजुरांचे छोटे संग्रहालय केले आहे. यात्रा कंपन्यांच्या कार्यक्रमात ते नसते, चालकाला मुद्दाम सांगावे लागते आणि अर्धा तास पुरतो. आम्ही परतीच्या वाटेवर गेलो.

मावशीचे लग्नानंतरचे सगळे आयुष्य परळच्या गिरणगावातल्या चाळीत गेले. ती आत शिरली, भिंतीपासून भिंतीपर्यंत पावले टाकत मनाशी काही मोजले, चुलीच्या कोपऱ्यात जराशी उभी राहिली आणि बाहेर ओसरीवर येऊन बसली.

“दहा बाय बाराच रे,” ती म्हणाली. “आमची पण एवढीच होती. पण भाडेपावती तुझ्या काकांच्या नावाची होती, आणि पोस्टमन दारात येऊन नावाने हाक मारायचा.”