अर्जात प्रश्न नको, कागद मागा

माहिती अधिकारावरच्या तुमच्या लेखात अर्जाचा नमुना दिलात ते छान केलंत, पण अर्ज फसतो तो मजकुरात. आमच्या गावच्या रस्त्यासाठी मी पहिल्यांदा लिहिलं, "काम निकृष्ट का झालं?" उत्तर आलं, हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. राग आला. पण कायदा कागद देतो, खुलासा नाही, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या अर्जात कामाचं नाव, वर्ष घालून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि देयकांच्या, म्हणजे बिलांच्या, प्रती मागितल्या. सगळं मिळालं, दोन रुपये पान दराने.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, हे लेखात यायला हवं होतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि पोच घ्याच, कारण उत्तराचे ३० दिवस मोजायला तीच लागते. मुदतीत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपये. बरेच जण इथेच सोडून देतात, कृपया सोडू नका. फाईल जाडजूड असेल तर आधी अभिलेख, म्हणजे कार्यालयातले मूळ कागद, पाहण्याची मागणी करा, पहिल्या तासाला शुल्क नाही. हवी तेवढीच पानं मग निवडता येतात.