किलवर एक्का यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

किलवर एक्का, मी डायरेक्टर, म्हणजे पंच, होतो त्या रविवारच्या ब्रिजच्या ऑनलाइन पेअर्स (जोड्यांच्या) स्पर्धेवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमच्या तक्रारी अशा, की अर्धवट राहिलेल्या बोर्डला, म्हणजे डावाला, मी सरळ सरासरी गुण देऊन टाकले, किबिट्झर, म्हणजे टेबलावर खेळ बघायला येणारे, बंद ठेवले आणि नियमपत्रक अगदी ऐनवेळी टाकलं. आणि मग हे वाक्य: "ऑनलाइन सगळं कॉम्प्युटरच करतो, डायरेक्टर नुसता चहा पीत बटणं दाबतो." वर एक स्मायली.

नियमपत्रक एक दिवस आधी यायला हवं होतं, मान्य. पण त्या वाक्याचं काय? टीका करा की, स्पर्धा घ्यायची म्हणजे ऐकून घ्यावंच लागतं, पण चार लोकांसमोर असं बोलायची ही काय पद्धत झाली?

कॉम्प्युटर काय करतो ते मलाही कळतं हो. ऑनलाइन रिव्होक, म्हणजे हातात रंग असून दुसरंच पान टाकणं, होत नाही, पाळी नसताना पान टाकता येत नाही, आधीच्या बोलीच्या वर न जाणारी अपुरी बोली स्क्रीन घेतच नाही. टेबलावर डायरेक्टरला हाक मारायची ही नेहमीची कारणं, ती गेली. उरलं ते सगळं माणसाच्या मनातलं, आणि अवघड तेच असतं. समजा तुमचा पार्टनर समोरच्यांच्या तीन बदामावर बराच वेळ थांबला, मग पास म्हणाला आणि तुम्ही तीन इस्पिक बोललात. हॉलमध्ये मी लगेच चौघांना विचारतो, तो थांबला होता का यावर बहुतेक वेळा एकमत होतं. ऑनलाइन तो विचार करत होता, का नेट गेलं होतं, का दारावरची बेल वाजली होती? पार्टनरच्या थांबण्यातून कळलेलं वापरायचं नाही हे ब्रिजच्या नियमांतला कायदा 16 सांगतो, पण त्यातून काही कळलं होतं का हेच आधी ठरवावं लागतं. मग मी तुमचा हात काढून बघतो, त्या पत्त्यांवर पास करणारे खेळाडू निघाले असते का ते तुमच्याच दर्जाच्या दोघातिघांना विचारतो, पार्टनर थांबल्याचं त्यांना न सांगता. आणि हे सगळं पुढची फेरी चालू असताना, बाकीची टेबलं हाका मारत असताना. ह्यात चहा कधी प्यायचा ते सांगा.

अलर्टचं, म्हणजे खास अर्थाच्या बोलीची समोरच्यांना सूचना देण्याचं, तर आणखी नाजूक. टेबलावर पार्टनरच्या बोलीचा अर्थ आपण सांगतो, इथे ज्याची बोली त्यानेच सांगायचा आणि पार्टनरला तो दिसत नाही. सांगितलेलं आणि हातातलं जुळलं नाही की लगेच "फसवलं" म्हणून ओरडा सुरू होतो. पण समोरच्यांचा हक्क तुमच्या दोघांत जे ठरलंय ते कळण्याचा, हातातले पत्ते कळण्याचा नाही. माणूस सिस्टीम विसरला का त्याने लपवलं, हे कुठलं बटण सांगतं?

मी कॉलेजात असल्यापासून क्लबात बोर्डांत पत्ते भरलेत, बोर्डाबरोबर टेबलोटेबली फिरणाऱ्या गुणांच्या ट्रॅव्हलर स्लिपा गोळा करून रात्री कागदावर मॅचपॉइंट काढलेत, जिच्यापेक्षा सरस त्या प्रत्येक जोडीमागे दोन, बरोबरीला एक, आणि बेरीज चुकली की सीनियर काकांची बोलणी खाल्लीयेत. 2020 मध्ये हॉलला कुलपं लागली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या लोकांना फोनवरून लॉगिन कसं करायचं ते शिकवत बसलो, एकेकाला कितीदा तरी. त्यातल्या काहींचं दिवसभरात घराबाहेरच्या माणसाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच. तेव्हा तुम्ही कुठे होतात मला माहीत नाही, पण त्या लोकांसाठी जे उभं राहिलं त्याला बटणं दाबणं म्हणायचं असेल तर जरा विचार करून म्हणा.

बाकीचं थोडक्यात. किबिट्झर बंद, कारण दुसऱ्या अकाउंटवरून स्वतःच्याच टेबलावर येऊन चारही हात बघणारे लोक आहेत. ते बंदच राहणार. सरासरीचा नियम पत्रकात होता. त्या अर्धवट बोर्डवर "आमचे दहा हात पक्के होते" म्हणता, ते सगळ्यांनाच वाटतं. घड्याळ पळत होतं तेव्हा मला बोलावलं नाहीत, अपीलला निकालानंतर अर्धा तास होता त्यात एक ओळ लिहिली नाहीत, आणि आता इथे येऊन सुनावताय. निकाल आहे तोच राहील. पुढच्या पेअर्सची नोंदणी चालू आहे, यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत पार्टनरचं नाव कळवा.