आमच्या स्टेअरिंगला वीजजोडणी

जड स्टेअरिंग हा आजार मोठा विचित्र. तो होतो गाडी चालवणाऱ्याला, आणि औषध ठाऊक असतं बाजूला बसणाऱ्याला.

आमच्याकडे 1998 सालची मारुती 800 आहे. कंपनीने हे मॉडेल जानेवारी 2014 मध्ये बंद केलं, पण ती बातमी आमच्या ह्यांनी मनावर घेतलेली नाही. पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना खाली पार्किंगमध्ये नेतात आणि इंजिन चालू करून आवाज ऐकवतात. "काय? काही ऐकू येतं का? नाही ना? तेच तर!" पाहुणा बिचारा मान डोलावतो. अशी गाडी विकायचा विषय काढणं म्हणजे घरात सुतक पाळायची तयारी ठेवणं. मात्र गेली काही वर्षं ह्यांचं ड्रायव्हिंग हे आवाज ऐकवण्यापुरतंच उरलंय. नाशिकच्या इंदिरानगरहून कॉलेजला गाडी मी नेते, बाजारात मी नेते आणि ह्यांच्या बीपीच्या गोळ्या आणायलाही मीच नेते.

आता कुणी म्हणेल, एवढीशी तर गाडी. साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, बारा इंची चाकं, तिचं स्टेअरिंग ते कसलं जड? बरोबर आहे. रस्त्याला लागली की ती हाताला कळतही नाही. पण उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायची वेळ आली, की टायर रस्त्यावर घासत जागच्या जागी वळवावा लागतो आणि तो आपल्या दंडाच्या जोरावर वळतो. त्यात ह्यांनी मध्यंतरी 'ग्रिप चांगली मिळते' म्हणून जरा रुंद टायर टाकून घेतले. ग्रिप खरंच चांगली मिळाली. रस्ता टायरला सोडायलाच तयार नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. रविवार कारंजाला दोन रिक्षांच्या मधून गाडी काढताना मला जे सुचतं, ते ओवीत बसवण्यासारखं नसतं.

शेवटी उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, तो निम्म्यातच थांबला.

"काही व्यायाम करता का?"

"पार्किंग करते."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ऑटोमॅटिक गाडी घ्यायचा सल्ला दिला. तो सल्ला मी घरी जसाच्या तसा सांगितला नाही. "डॉक्टर म्हणाले, पॉवर स्टेअरिंग हवं," एवढंच सांगितलं. ह्यांनी लगेच प्रिस्क्रिप्शन मागितलं.

मग सल्लागार मंडळ बसलं. ह्यांचं म्हणणं, उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायचंच नसतं. गाडी किंचित सरकती ठेवायची आणि मग वळवायचं. हे तत्त्व शंभर टक्के खरं आहे. फक्त त्याला पुढे-मागे हातभर जागा लागते, आणि रविवार कारंजाला पुढे केळ्यांची गाडी असते, मागे बुलेट असते आणि बुलेटवर हॉर्न दाबून बसलेला मुलगा असतो. वरच्या मजल्यावरचे काका सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "जड काय त्यात? आम्ही टेम्पो चालवलेत टेम्पो, कसारा घाटात!" काकांकडे आता स्कूटर आहे, तीही गिअर नसलेली.

मुंबई नाक्याजवळचा आमचा नेहमीचा मिस्तरी मात्र भला माणूस. त्याने आधी पॉवर स्टेअरिंगचं नावच काढू दिलं नाही. टायरमधली हवा बघितली. पुढच्या दोन्ही चाकांत कमी होती. पुढच्या शॉकअपच्या वरच्या बेअरिंगा गंजून बसल्या होत्या, त्या बदलल्या. बॉल जॉइंट तपासले, अलाइनमेंट करून आणायला पाठवलं. एवढ्याने रुपयात चार आणे फरक पडला. ज्यांची जुनी गाडी अचानक जड झाली असेल त्यांनी पहिल्यांदा हेच करावं. निम्म्या लोकांचं काम इथेच भागेल. माझं बारा आणे दुखणं शिल्लक होतं.

ह्यांना पटवायला मी इतिहासाचा आधार घेतला. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनियरने 1926 साली पॉवर स्टेअरिंग चालवून दाखवलं, पण विकायच्या मोटारीत ते यायला 1951 उजाडलं. ती क्रायस्लर इम्पीरियल. हे सगळं तेलाच्या दाबावर चालणारं. विजेवर चालणारं मात्र पहिल्यांदा आलं 1988 साली, सुझुकीच्या सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत. "म्हणजे तुमच्या गाडीच्या सख्ख्या भाऊबंदकीतलंच आहे," मी म्हटलं. "जपानकडच्या शाखेला मिळालं, इकडच्यांचा वाटा राहिला." वाटणीचा विषय निघाल्यावर हे जरा विचारात पडले.

तेलाचं की विजेचं, हा प्रश्न फार वेळ टिकला नाही. तेलाच्या सिस्टीमला इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप लागतो, प्रेशरचे पाइप लागतात, वेगळा रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी पट्टी, लागतो, आणि पंप इंजिनची ताकद खातो तो वेगळाच. आमचं इंजिन 796 सीसीचं. एसी लावला की चढावर ते आधीच देवाचं नाव घेतं. विजेच्या प्रकारात मोटर थेट स्टेअरिंगच्या कॉलमवर, म्हणजे त्याच्या खालच्या दांड्यावर, बसते, खालचा रॅक जुनाच राहतो. आपण स्टेअरिंगला जोर लावला की आतली एक बारीक दांडी किंचित पिळते, तो पीळ सेन्सर मोजतो, आणि मोटर त्या मानाने हात देते. संसारात इतक्या कमी इशाऱ्यावर मदतीला येणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

अल्टोच्या वरच्या मॉडेलमधला जुना सेट घेऊन 800 ला बसवतात असं मिस्तरीने सांगितलं, आणि माल बघायला आम्ही सातपूर-अंबड लिंक रोडला गेलो. तिथला भंगार बाजार महापालिकेने 2017 साली बुलडोझर लावून उठवला होता. पुढे तो परत बसला, परत उठवला. ज्याला जे हवं ते तिथे कुठे ना कुठे मिळतंच, असा नाशिककरांचा विश्वास आहे. पत्र्याच्या शेडमध्ये एका मुलाने गोणपाटावर कॉलम आणून ठेवला. ग्रीसने माखलेला, त्याला लटकलेली मोटर, बाजूला ॲल्युमिनियमची डबी, तो त्याचा कॉम्प्युटर. आणि इग्निशनच्या लॉकमध्ये अजून किल्ली होती. किल्लीला स्वामी समर्थांचं किचेन. कुणाची तरी अल्टो भंगारात गेली तरी स्वामी पाठीशी उभेच होते. मी ते शकुन म्हणून घेतलं. ह्यांनी मात्र, "ज्याच्या पाठीशी होते त्याची गाडी इथे का?" असा प्रश्न विचारून भाव पाडायचा प्रयत्न केला.

मिस्तरीचं एकच लक्ष होतं, वायरी. भंगारवाले सेट काढताना सॉकेट ओढण्याऐवजी वायरीच कापतात, आणि मग कुठली वायर कुठे जाते हे शोधण्यात आयुष्य जातं. आमच्या सेटला सॉकेटं शाबूत होती. पाच आकडी रक्कम ठरली, ती मी ऐकली नाही असं ह्यांनी समजायचं आणि ह्यांनी दिली नाही असं मी समजायचं ठरलं.

बसवायला गाडी अंबडच्या एका गॅरेजमध्ये गेली, कारण आमचा मिस्तरी म्हणाला, हे काम त्याच्या हातचं नाही. असं सांगणारा मिस्तरी जपून ठेवावा. अंबडच्या उस्तादांच्या हातचं मात्र सगळंच होतं. मी पोचले तेव्हा आमच्या गाडीचा डॅशबोर्ड निघून मागच्या सीटवर पडला होता. अल्टोचा कॉलम 800 च्या जागेत नीट बसेना. ब्रॅकेट बनवून वरची बाजू जमली, पण खाली रॅककडे जाणारा शाफ्ट जुळत नव्हता.

"ताई, टेन्शन घेऊ नका. कापून वेल्डिंग मारतो. हत्ती बांधला तरी तुटणार नाही."

"उस्ताद, मला मागे हत्ती बांधायचा नाही, पुढे वळायचंय."

इथे मी अडून बसले. गाडीत दुसरं काहीही तुटलं तर बाजूला घेऊन थांबता येतं. स्टेअरिंगचा शाफ्ट तुटला तर बाजूला घ्यायलाच स्टेअरिंग उरत नाही. वेल्डिंग नको, दातेरी तोंडाचा, बोल्टने आवळायचा योग्य मापाचा जॉइंट आणा, नाहीतर माझी जड गाडी मला परत द्या. उस्तादांनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी छताकडे पाहिलं. जॉइंट आला. थोडा उशिरा आला, पण आला.

मग आला इलेक्ट्रिशियन, आणि खरी गंमत इथून पुढे. ह्या कॉम्प्युटरला दोन बातम्या सतत लागतात. इंजिन चालू आहे का, आणि गाडी किती वेगात आहे. इंजिन बंद असेल तर तो मदत करत नाही, बॅटरी उतरेल म्हणून. आणि वेग वाढेल तशी मदत कमी करत जातो, कारण हायवेला स्टेअरिंग घट्टच हवं. आमच्या गाडीचं स्पीडोमीटर तारेवर चालणारं. ती तार कॉम्प्युटरशी बोलत नाही. बातमी मिळाली नाही की तो डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावून रुसून बसतो. इलेक्ट्रिशियनने खिशातून काडेपेटीएवढं एक सर्किट काढलं आणि दोन्ही वायरी त्याला जोडल्या. आता हे सर्किट कॉम्प्युटरला अखंड सांगत राहणार: इंजिन चालू आहे, गाडी हळू चालली आहे, सगळं ठीक आहे. वर्तमानपत्रांत नोकरी मिळाली असती त्याला.

पहिल्यांदा स्टेअरिंग फिरवलं तेव्हा मी ओरडलेच. दोन बोटं! उभ्या गाडीत, रुंद टायरवर, दोन बोटं! बॉनेटखालून नव्हे तर स्टेअरिंगच्या मुळाशीच मोटरचा एक बारीकसा 'ऊंऽऽ' ऐकू येत होता, आणि पुढच्या भिंतीवर पडलेला हेडलाइटचा उजेड स्टेअरिंगच्या प्रत्येक वळणाला कमी-जास्त होत होता. मोटर बॅटरीतून एकदम बराच करंट ओढते, म्हणून तिला जाड वायर आणि फ्यूज थेट बॅटरीवरून द्यावा लागतो. तेवढं काम मात्र उस्तादांनी झकास केलं होतं.

दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडने सोमेश्वरकडे निघाले. रस्ता मोकळा, मी खुशीत, गाडी साठच्या पुढे. आणि मला शिंक आली. शिंक संपेपर्यंत गाडी पलीकडच्या लेनमध्ये जाऊन परत आली होती. कॉम्प्युटरच्या समजुतीनुसार आम्ही अजून पार्किंगमध्येच होतो ना! ह्यांनी दाराचं हँडल धरलं ते सोमेश्वर येईपर्यंत सोडलं नाही. परत अंबड. स्पीडोमीटरच्या तारेवर बसणारा सेन्सर आणवला, खऱ्या वेगाची बातमी सुरू झाली, आणि स्टेअरिंग साठला भारदस्त, पार्किंगला लोण्यागत, असं माणसात आलं. इंजिनची बातमी मात्र त्या काडेपेटीकडूनच येत राहिली. "चालतंय ना ताई, मग?" असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. चालत होतं खरं.

वरच्या मजल्यावरचे काका आता कायद्याचं पुस्तक घेऊन आले. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल, गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही वगैरे. काका कायद्याचं बोलतात तेव्हा निम्मं तरी खरं असतं, म्हणून मी इन्शुरन्स कंपनीला बदलाबद्दल लेखी कळवून ठेवलं आणि पेठ रोडच्या आरटीओत पुढच्या फिटनेसच्या वेळी काही लपवायचं नाही असं घरात ठरवून टाकलं. काकांना मात्र हे पुरेसं वाटेना. त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. त्यांना स्टेअरिंग फिरवून बघायचं होतं.

रविवारी संध्याकाळी सोसायटीची सगळी मंडळी पार्किंगमध्ये जमली. ह्यांनी किल्ली लावली, इंजिन मुद्दाम चालू केलं नाही. "इंजिन बंद, तरी बघा!" काडेपेटीने इंजिन चालू असल्याचं इमानेइतबारे कळवलं. काका बसले, दोन बोटांनी इकडून तिकडे. काकू बसल्या. तळमजल्यावरच्या आजी बसल्या, त्यांनी एकाच बोटाने. मुलांनी तर रांग लावली, आणि रांगेत एकदा फिरवून झालेली मुलं परत मागे उभी राहत होती. ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. बसवण्याची कल्पना आपलीच होती, इथवर त्यांचं भाषण आलं होतं.

सोमवारी सकाळी मला पहिलं लेक्चर. किल्ली फिरवली, 'टक्' असा एक आवाज आला, पुन्हा तोही नाही. बॅटरी ठार. मग रविवारच्या प्रेक्षकांनाच हाका मारल्या. हे, काका, वॉचमन आणि शाळेच्या गणवेशातली दोन मुलं मागे लागली. मी आत, सेकंड गिअर टाकून, क्लच दाबून. पार्किंगच्या खांबाला वळसा घातल्याशिवाय गाडी उतारावर येत नाही. आणि बॅटरी मेलेली असताना हे स्टेअरिंग मूळच्यापेक्षाही जड होतं, कारण आता चाकांबरोबर ती बंद मोटरही आपणच फिरवायची असते.

"डावीकडे घ्या!" काका मागून धापा टाकत ओरडले. "अहो, डावीकडे! खांब आला! वळवत का नाही?"

"काका, तुम्ही या इकडे," मी खिडकीतून म्हटलं. "मी ढकलते."