मला विचारा

आधी शर्टाचं सांगते, कारण सगळं बिघडलं ते तिथून. तळं, टेकडी, झाडी असं सगळं एकत्र असलेलं एक सार्वजनिक उद्यान आहे, तिथे उन्हाळ्यात निसर्ग उपक्रम असतात, म्हणजे पहाटे पक्षी बघणं, दुपारी मुलांना घेऊन तळ्यातले किडे बघणं, रात्री पांढरा पडदा बांधून त्यावर दिवा सोडून पतंग बघणं वगैरे, आणि त्याला स्वयंसेवक हवेत असा फॉर्म मला कुणीतरी फॉरवर्ड केला. मी भरला. दोन तासांचं ट्रेनिंग झालं. त्यातला सव्वा तास 'मला काही झालं तर उद्यान जबाबदार नाही' हे सहा ठिकाणी सही करून कबूल करण्यात गेला आणि उरलेल्या वेळात शर्ट वाटले. शर्टाचे साइज दोनच, एक माझ्या भाचीला झाला असता आणि दुसरा माझ्या कपाटाला. मी कपाटाचा घेतला. हिरवागार रंग, पाठीवर 'निसर्गमित्र' आणि पुढे मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'मला विचारा'. ही अक्षरं छातीवर यायला हवी होती, माझ्या पोटावर आली, आणि मी खाली बसले की शर्टाला घडी पडून मधला 'वि' आत जायचा. मग नुसतं 'मला चारा' एवढंच दिसायचं. हे मला दुसऱ्या रविवारी कळलं, एका मुलीने आईला मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा.

पण मी तयारी करून गेले होते हो. रोज रात्री वाचत होते. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि खालचा ओठ हातासारखा झटकन पुढे फेकून भक्ष्य पकडतात, उन्हाळ्यात कान किटवणारा सिकाडा नावाचा किडा म्हणजे त्याचा फक्त नर, आणि तो गळ्याने ओरडत नाही, पोटाच्या बाजूला पडदे असतात ते आत-बाहेर करून वाजवतो, हे सगळं मला तोंडपाठ होतं. कुणी विचारायचाच अवकाश.

विचारलं की. पहिल्याच माणसाने विचारलं, "टॉयलेट कुठंय?"

दुसऱ्याने पण. तिसऱ्या बाई जरा सभ्य होत्या, त्या म्हणाल्या "इकडे ते... हे कुठे असतं?" आणि मला कळलं. मुलं सरळ 'शू' म्हणतात. तरुण मंडळी 'वॉशरूम' म्हणतात आणि म्हणताना माझ्याकडे न बघता माझ्या पोटाकडे बघतात, कारण तिथे लिहिलंय ना. परवाच्या रविवारी साडेतीन तासांत मी एकशे चौदा लोकांना रस्ता दाखवला. अंदाजे नाही, मोजले. दुसरं करायला काही नव्हतं. सरळ जा, बोटींच्या शेडपाशी डावीकडे, बांबूच्या मागे. अजून झोपेत विचारलं तरी सांगेन. सिकाडाबद्दल एकाने विचारलं, "हा आवाज कसला?" मी आनंदाने तोंड उघडलं तर तो म्हणाला, "बंद करता येईल का?"

आता यात विनोद बाजूला ठेवून एक सांगते. त्या उद्यानात 'निसर्गाशी संवाद साधा' असा सहा फुटी बोर्ड आहे. 'फुले तोडू नका' चे तर मोजता येणार नाहीत इतके आहेत. टॉयलेटकडे बाण दाखवणारा एकही नाही. मी तिथल्या कोऑर्डिनेटर मुलाला तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "बोर्डाची फाइल वर गेलीये मॅडम."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही आहात ना."

म्हणजे बोर्डाला खर्च येतो आणि मी फुकट आहे, असा तो सरळ हिशेब होता. बोर्ड निदान दुपारी सावलीत सरकत नाही, हा त्याचा माझ्यावर वरचढपणा, बाकी काम तेच.

तरी मी चिकाटी सोडली नाही. तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक पत्र्याची शेड आहे, खाली बाक. शेडमुळे तिथे पाऊस लागत नाही म्हणून बाकाखालची माती पिठासारखी मऊ आणि कोरडी, आणि त्या मातीत मला सापडले मुंगीसिंहाचे खड्डे. अकरा होते. आपण नरसाळं मातीत दाबून उचलावं तसा प्रत्येक खड्डा, वरचं तोंड रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, आणि तळाशी मातीत दडून बसलेली अळी, तिचे नुसते जबड्याचे दोन आकडे बाहेर. ही अळी उलटी चालते. उलटं गोल गोल फिरत डोक्याने माती बाहेर उडवत खड्डा करते, आणि भिंतीचा उतार अशा बेताने ठेवते की माती टिकून राहते पण मुंगीचा पाय पडला की घसरते. मुंगी वर चढायला लागली की खालून तिच्यावर मातीचा मारा. गवताची काडी घेऊन काठावर हळूच दोन कण पाडले की तळातून फस्सकन माती उडते, मुंगी समजून. मी एकटीनेच ते दहा मिनिटं केलं. म्हटलं, हे मुलांना दाखवायचं. इथे मला कुणीही टॉयलेट विचारणार नाही.

दुपारच्या बॅचची पंधरा मुलं यायला वीस मिनिटं होती आणि तेवढ्यात एक आजोबा आले आणि बाकावर बसले. बसले म्हणजे बूट बरोबर खड्ड्यांच्या मधोमध. पांढरे शुभ्र बूट, चालायला घेतलेले पण फारसे चाललेले नसावेत.

"आजोबा, जरा पाय वर घेता का?"

"कशाला?"

"खाली मुंगीसिंह आहेत."

त्यांनी पाय घेतले नाहीत, मान खाली घातली. "सिंह?"

"किडा असतो. म्हणजे किड्याची अळी."

"मग सिंह कशाला म्हणता?"

"मी नाही म्हणत, सगळे म्हणतात. इंग्रजीत पण अँटलायनच म्हणतात."

"इंग्रजीत काहीही म्हणतील हो." मग त्यांनी माझं पोट वाचलं. सावकाश, चष्मा सरकवून. "हे 'मला विचारा' म्हणजे, काय विचारू?"

"काहीही विचारा. निसर्गाबद्दल."

"काहीही का निसर्गाबद्दल?"

"निसर्गाबद्दल काहीही."

"बरं. तुम्ही इथल्या परमनंट का?"

"नाही, मी स्वयंसेवक."

"म्हणजे पगार?"

"नाही."

"भत्ता?"

"नाही."

"येण्याजाण्याचे तरी?"

"नाही हो आजोबा, आवडीने येते मी."

ते गप्प झाले. तळ्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, मग आवाज अगदी खाली आणून, "घरी सगळं ठीक आहे ना, ताई?"

मी सांगितलं ठीक आहे. त्यांना पटलेलं दिसलं नाही. "नाही, आमच्या ओळखीत एक आहेत," ते म्हणाले, "रिटायर झाल्यावर घरात करमेना म्हणून झाडं मोजायला जायचे. पुढे कळलं सुनेशी पटत नव्हतं." मी रिटायर झालेली नाही. मला सून नाही. यातलं काहीही मी बोलले नाही कारण पाय अजून तिथेच होते आणि मुलांचा आवाज यायला लागला होता.

"बरं हे खातात काय?" त्यांनीच विचारलं. इतक्या दिवसांतला पहिला खरा प्रश्न! मी खालीच बसले, म्हणजे 'मला चारा' झाले, आणि सगळं सांगितलं, मुंगी कशी घसरते, अळी जबड्याने धरून आतला रस कसा ओढून घेते आणि मग रिकामं टरफल डोक्याने उडवून बाहेर कसं फेकते.

"आणि मग... ते?"

"काय ते?"

"अहो ते. खाल्लं की जायला लागतंच की."

माझा आनंद गगनात मावेना. "नाही लागत! या अळीची ती वाटच बंद असते. खाल्लेल्यातलं जे टाकाऊ ते सगळं पोटातच साठवते. अळी म्हणून कधीकधी दोन-तीन वर्षं काढते, मग कोष करते, आणि पंख फुटून बाहेर आली की तेव्हा एकदाच काय ते." अख्ख्या उद्यानात टॉयलेटचा रस्ता न विचारणारा हा एकच प्राणी, हे मी बोलले नाही पण माझ्या मनात ते गेले तीन दिवस घोळत होतं, आणि त्या किड्याबद्दल मला जो जिव्हाळा वाटत होता त्याचं खरं कारण हेच असावं.

आजोबा विचारात पडले. "तीन वर्षं?"

"चारा कमी असेल तर."

"तीन वर्षं," ते परत म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. "मला तीन तास होत नाही. कुठंय हो इथे?"

सरळ जा, बोटींच्या शेडपाशी डावीकडे, बांबूच्या मागे. एकशे पंधरा.

उठताना ते दोन्ही बुटांवर पूर्ण भार देऊन उठले. अकरा खड्ड्यांतले चार राहिले.

आणि हे एवढ्यावर संपायला हवं होतं, पण बांबूच्या वाटेवर त्यांना तो कोऑर्डिनेटर भेटला. पाच मिनिटांत तो माझ्यासमोर. "मॅडम, तुम्ही व्हिजिटरला पाय वर करून बसायला सांगितलंत?" मी म्हटलं, हो, खाली... "मॅडम, सीनियर सिटिझन आहेत ते." मी म्हटलं, अरे मुंगीसिंह... "मॅडम, तुम्ही जरा गेटवर मदत करता का?"

गेटवर शर्ट चालत नाही, तिथे नारंगी जाकीट. शर्ट जमा करून घेतला आणि हातात एक क्लिकर दिलं, आत येणारा प्रत्येक माणूस एक टिक. बाहेर जाणारे मोजायचे नाहीत. त्या हिशेबाने माझ्या वेळेत आत गेलेले सहाशे बेचाळीस लोक अजून आतच आहेत.

आता बघा, लोकांनी आवडीने निसर्ग मोजायची फार जुनी पद्धत आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी टोळ्या करून दिसेल तो पक्षी मारायची स्पर्धा व्हायची, तर फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षितज्ज्ञाने १९०० साली सुचवलं की मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी सत्तावीस जण होते. ती मोजणी अजून दर वर्षी होते, आता हजारो लोक जातात, आणि कुठला पक्षी कमी झाला कुठला वाढला ते त्या वह्यांवरून कळतं. सगळे बिनपगारी. मी हे वाचलं तेव्हा मला अभिमान वाटला होता की आपण त्याच परंपरेत चाललो आहोत. फरक इतकाच की त्यांनी पक्षी मोजले आणि मी पार्किंगमधून येणारी माणसं.

गेटपाशी उभं राहिल्यावर अजून एक दिसलं. आदल्या शनिवारी आम्ही बाराजणांनी टेकडीवरची घाणेरी उपटली होती. घाणेरी मूळची अमेरिका खंडातली, शोभेची म्हणून बागांमधून जगभर नेली आणि मग पक्ष्यांनी फळं खाऊन बिया रानोमाळ केल्या, आता ती खाली दुसरं काही उगवू देत नाही. नुसती छाटली तर बुडातून परत फुटते म्हणून कुदळीने मुळासकट काढावी लागते. माझ्या तळव्याला तीन फोड आले, एक अजून आहे. आणि गेटच्या दोन्ही बाजूंना, विटांच्या छान वाफ्यात, पाण्याची नळी वगैरे देऊन, काय लावलं होतं? घाणेरी. जरा बुटकी, पिवळी, नर्सरीतली. मी विचारलं तर म्हणाले ही वेगळी, ही डेकोरेटिव्ह आहे. अरे सगळीच आधी डेकोरेटिव्ह होती! पण तेव्हा माझ्या अंगावर जाकीट होतं, मला विचारायचं नव्हतं आणि मी पण विचारायचं नव्हतं.

चारच्या सुमारास शेडकडून हशा ऐकू आला म्हणून मान वळवून बघितलं. बाकावर आजोबा. मांडी घालून बसलेले, पाय वर! समोर पंधराच्या पंधरा मुलं उकिडवी बसलेली, आणि आजोबा हात नाचवून सांगतायत, "सात वर्षं! सात वर्षं जात नाही हा किडा!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझी तीन वर्षं त्यांनी सात केली आणि टाळ्या घेतल्या, आणि मला त्या अंतरावरून ओरडून दुरुस्तीही करता येईना कारण एक अख्खी बस रिकामी होत होती आणि मला टिकटिक करायची होती.

संध्याकाळी अभिप्रायाचे कागद वाचून दाखवले. एकावर होतं, 'माहिती फारच रंजक. स्वयंसेविकेने थोडे हसतमुख असावे.' अक्षर म्हाताऱ्या माणसाचं होतं. मी काही आरोप करत नाहीये.

काल परत गेले. का गेले ते विचारू नका, घरीही हेच विचारलं गेलं. गेटवर सही करून जाकीट घालायच्या आधी म्हटलं शेडकडे एक चक्कर मारू. खड्डे चौदा झाले होते. या अळीचं बरं असतं, खड्डा पुसला की ती दुसरा करते, फाइल वर पाठवत बसत नाही. आणि बाकावर आजोबा होते. अंगात माझा शर्ट. त्यांना तो अगदी मापात बसला होता, अक्षरं छातीवर, बसल्यावर सुद्धा 'वि' शाबूत.

"या ताई," ते म्हणाले. "काही विचारायचंय?"

माझ्या मनात आलं ते मी लगेच बोलून टाकलं. "टॉयलेट कुठंय?"

त्यांनी तोंड उघडलंच नाही, नुसता अंगठा मागे केला. शेडच्या खांबाला खोक्याचा पुठ्ठा सुतळीने बांधला होता, त्यावर जाड मार्करने बाण, बोटींच्या शेडकडे, अगदी बरोबर दिशेला. मी बघत उभी होते तेवढ्यात एक बाई मुलाला घेऊन आल्या, पुठ्ठा बघितला आणि कुणालाही काहीही न विचारता निघून गेल्या.

"घरून आणला," आजोबा म्हणाले. "फाइलबिईल कशाला."

पुठ्ठ्यावर 'शौच्यालय' लिहिलं होतं. मी काही बोलले नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.